न धुतलेला अभ्रा

पायरीवर बसलेल्या माणसाने कुत्रीचा लोंबता कान उलटा केला, ओल्या कापसाचा बोळा आतून फिरवला, तो स्वतःच्या नाकाशी नेऊन हुंगला आणि मगच खिशातल्या पिशवीत टाकला. दुसऱ्या कानाचंही तसंच. कुत्री निमूट उभी होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार पार फरशीपर्यंत आली होती आणि तुटायचं नाव घेत नव्हती.

"वापरलेलं काहीतरी लागेल ताई," तो वर न बघता म्हणाला. "वडिलांच्या अंगाला लागलेलं. न धुतलेलं. हात न लावता या पिशवीत टाकून आणा."

"आणते," ती म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

वर दोनच खोल्या आणि मध्ये बोळ. बोळाच्या टोकाला वडिलांची खोली. तिच्या दाराशी एक स्टूल होतं आणि त्यावर सकाळी नऊला ठेवलेला चहा, साय धरून तसाच पडलेला. रात्रपाळी करून झोपलेली ती दुपारी सव्वा वाजता उठून पाणी प्यायला आली तेव्हा तो तिला दिसला होता. दार ढकललं तर पलंग रिकामा. वडील शहात्तर वर्षांचे, शुगरचा त्रास, वेळेवर खाणं झालं नाही तर उभ्याउभ्या चक्कर येणारे. आता अडीच वाजले होते आणि बाहेर ऊन नुसतं ओतत होतं. गच्ची, मागचं अंगण, कोपऱ्यावरचं दुकान, सगळं पालथं घालून झालं होतं. चौकीवर म्हणाले, मोठा माणूस आहे, येईल, संध्याकाळपर्यंत वाट बघा. खालच्या काकूंचं मात्र या माणसाशी येणंजाणं होतं. त्यांनी परस्पर फोन लावला, आणि अर्ध्या तासात तो कुत्रीला घेऊन हजर.

तिचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला आणि परत आला.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात ती शस्त्रक्रियेच्या वॉर्डची मुख्य सिस्टर होती. मोठ्या सिस्टर म्हणायचे तिला सगळे. पलंगाच्या चादरीला एक सुरकुती दिसली तर नव्या मुलींच्या तोंडचं पाणी पळायचं. डॉक्टरसुद्धा तिच्या वॉर्डात शिरताना बूट पुसून घ्यायचे, असं कुणीतरी गमतीने म्हणायचं, आणि ते ऐकून तिला मनातून बरं वाटायचं. अशा बाईने हे दार उघडून आतल्या अंथरुणातलं काहीतरी उचलायचं आणि काकूंच्या देखत परक्या माणसाच्या हातात द्यायचं?

बोळातल्या कपाटातून तिने वडिलांचा निळा शर्ट काढला. धुतलेला, इस्त्रीचा. दोन्ही मुठींत धरून तो चांगला चुरगाळला, पिशवीत टाकला आणि ती खाली आली.

"कालचाच आहे," ती म्हणाली.

माणसाने पिशवी घेतली. त्याला आसपासचे लोक हाउंडवाले म्हणायचे. साठीचा, हडकुळा, एका कचेरीत जन्मभर शिपाईगिरी करून निवृत्त झालेला. "तेव्हा पट्टेवाला होतो, आताही पट्टेवालाच," असं तो हातातला पट्टा दाखवून म्हणायचा आणि समोरचा हसला नाही तरी त्याला चालायचं. कुत्री ब्लडहाउंड जातीची, वासावरून माणसाचा माग काढणारी. नाव आजी.

"एवढीशी घरी आणली तेव्हाच तोंडावर इतक्या सुरकुत्या," तो काकूंना सांगत होता. "दुसरं काय नाव ठेवणार?"

त्याने आजीच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि छातीवरून जाणारा रुंद अंगपट्टा चढवला. गळ्यातला पट्टा म्हणजे फिरणं, अंगपट्टा म्हणजे काम, हे तिला पक्कं ठाऊक असावं. बकल लागलं तशी ती अख्खी ताठ झाली. तिने पिशवीत तोंड घातलं. बाहेर काढलं. अंगणात दोन चकरा मारल्या, फाटकापर्यंत गेली, तिथून वळली आणि सरळ चालत सिस्टरसमोर येऊन बसली. जड डोकं उचलून तिच्या गुडघ्यावर टेकवलं. लाळेचा गरम ओलावा कपड्यातून आत झिरपला.

"अगं बाई!" काकू हसत सुटल्या. "हिला तर सिस्टरच सापडल्या!"

दुसरं कुणी हसलं नाही. हाउंडवाल्याने पिशवी डोळ्यांसमोर धरली. चुरगळलेल्या कापडातून बाहीवरची इस्त्रीची घडी लख्ख दिसत होती.

"इस्त्री कुणी केली?"

"मी."

"धुतला?"

"मीच."

तो काकूंकडे वळला. "काकू, हिच्यासाठी जरा पातेलंभर पाणी आणता? अरुंद आणि खोल भांडं बघा. पसरट असलं तर तोंडाआधी कानच बुडतात."

काकू आत गेल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, "तिचं काही चुकलं नाही ताई. या शर्टात तुम्हीच आहात. वडील साबणाबरोबर गेले."

तिने मान खाली घातली. कुणाकडून काही ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती. ऐकवण्याची होती.

"अकरा वाजता पाहिलं म्हणालात काकूंना. नक्की अकरा?"

"नाही," ती म्हणाली. "नऊला आतून खोकल्याचा आवाज आला. पाहिलं नाही."

"पाहिलं कधी?"

एका घरात, एका बोळाच्या दोन टोकांना राहून या प्रश्नाला थांबावं लागावं, यातच सगळं आलं.

"परवा," ती म्हणाली. "पाठमोरे."

त्याने नुसती मान हलवली. वेळ कळली, एवढंच त्याला हवं होतं. "बरं. म्हणजे नऊनंतर. चला वर. तुम्ही कशाला हात लावू नका, नाहीतर ती पुन्हा तुमच्याकडेच येईल. मी उचलतो."

म्हणजे दार उघडून दाखवणं आलंच.

खिडकी बंद होती. आत पाऊल टाकताच तो वास आला. गोडसर, कुबट, कधीही न विसरता येणारा. हा वास तिला पंचवीस वर्षांपासून माहीत होता. वॉर्डच्या दारातून नुसती आत आली तरी कोणत्या पलंगावरची जखम बिघडली आहे ते ती सांगायची, आणि नव्या मुली तोंडाचा आ करायच्या. सहा आठवड्यांपूर्वी चहा द्यायला ती याच दारात उभी असताना तो पहिल्यांदा आला होता. "पायाला काही झालंय का बाबा?" तिने विचारलं होतं. "छे, काही नाही," ते म्हणाले होते. आणि तिला बरं वाटलं होतं. काही नाही म्हणाले, विषय संपला. दिवसभर चाळीस जणांचं करून यायचं आणि घरी आल्यावर एकेचाळिसावा. दुसऱ्या दिवसापासून चहा दाराबाहेर स्टुलावर ठेवला जाऊ लागला, मग जेवणाचं ताटही. रात्रपाळीच्या सिस्टर रजेवर गेल्या तेव्हा ती पाळी तिने आपण होऊन मागून घेतली होती.

पलंगाच्या पायथ्याशी चादरीवर पिवळट हिरवे डाग होते, एकावर एक वाळलेले. पलंगाच्या कठड्यावर जुन्या बनियनच्या फाडलेल्या पट्ट्या वाळत घातल्या होत्या. सहा पट्ट्या, सारख्या मापाच्या, सारख्या अंतरावर. हातांनी धुतल्या होत्या. डाग गेले नव्हते.

या पट्ट्या तिने आज पहिल्यांदा पाहिल्या. सव्वा वाजता रिकामा पलंग पाहून ती तशीच मागे फिरली होती.

हाउंडवाल्याने पिशवी उलटी करून हातमोज्यासारखी हातावर चढवली, उशी धरली आणि तेलकट, करडा पडलेला अभ्रा ओढून पिशवीत घेतला. नाक मुरडलं नाही, कीव केली नाही. आंबे निवडावेत तसं त्याने ते काम केलं.

"हे उत्तम," तो म्हणाला. "फार स्वच्छ माणसं हिला अवघड जातात."

खाली आजीने पिशवीत तोंड घातलं ते कानांसकट. एवढा वेळ पेंगुळलेली शेपटी ताठ वर उभी राहिली. सुरकुत्या पुढे सरकून डोळे पार झाकले गेले, तिला त्यांची गरजही नव्हती. नाक जमिनीला लावून ती जी निघाली ती फाटकातून बाहेर, डावीकडे, थेट भिंतीच्या कडेने. हाउंडवाला लांब दोरीमागे ओढला जात होता आणि सिस्टर त्याच्या मागे. काकू फाटकात पातेलं घेऊन उभ्या राहिल्या.

"सावलीत वास टिकतो," तो चालता चालता सांगत होता. "उन्हात उडतो. म्हणून ती भिंत सोडत नाही. माणूस चालताना सांडत जातो ताई, अंगाचं पीठ सांडतं त्याच्या. आपल्याला दिसत नाही, हिला रस्ताभर आखून ठेवल्यासारखं दिसतं."

"मध्येच दुसऱ्या कुणाच्या मागे नाही ना जाणार?"

"एकदा नाक खाली गेलं की हिचे कान बंद. मी हाक मारली तरी ऐकायची नाही. म्हणून तर कधी मोकळी सोडत नाही. वास धरून गाडीखाली जाईल, पण मान वर करायची नाही. घरात राहायला सोपी जात नाही ही. लाळ भिंतींना, दोन घास जास्त दिले तर अंग सुटतं, जेवल्यावर पळवली तर पोटाला पीळ पडतो. माझी बायको म्हणते, सून आणली असती तर बरं झालं असतं."

ती हसली नाही. आजी थांबली होती. एका बंद दुकानाच्या उंबऱ्यापाशी ती बराच वेळ हुंगत राहिली, दोनदा गोल फिरली आणि मग पुढे निघाली.

"इथे बसले होते," हाउंडवाला म्हणाला.

घरापासून फार तर शंभर पावलं झाली असतील. पुढे विजेच्या खांबाच्या चौथऱ्यावर ते बसले होते. त्यापुढे बसथांब्यावर. मग एका इमारतीच्या पायरीवर, मग पुन्हा एका कठड्यावर. आजी प्रत्येक ठिकाणी तेवढीच थांबायची, जेवढं त्या जागेत माणूस उरलेला असेल. सिस्टर मोजत नव्हती, पण आकडा आपोआप मनात उमटत होता. हा रस्ता तिच्या रोजच्या पायाखालचा होता. बारा मिनिटं लागायची. मध्ये कुठे बसायला जागा आहेत, हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

सहाव्या वेळी ते चावीवाल्याच्या टपरीपुढच्या बाकावर बसले होते. आजीला धाप लागली होती. हाउंडवाल्याने तिला सावलीत घेतलं, बाटलीतलं पाणी ओंजळीत धरून पाजलं, आणि खिशातून मऊ फडकं काढून तिच्या तोंडावरच्या घड्या एकेक करून उघडत आतून पुसू लागला. डोळ्यांखालची, मग जबड्यावरची, मग गळ्याखालची. पुसून झाली की कोरडी झाली का, ते बोटाने बघायचा.

"घडीत ओल राहिली की कातडी सडते," तो म्हणाला. "रोज बघावं लागतं. वास यायला लागला तर समजायचं, आपणच दोन दिवस उशीर केला."

हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, ती दर वर्षी नव्या मुलींच्या तुकडीला ऐकवायची. तिचे कान तापले. चाळीस अंशांच्या उन्हात उभी असून ते तिला वेगळं कळलं.

"आजोबांना शोधताय का?" चावीवाल्याने कानशिलावरची टोपी मागे सरकवत विचारलं. "काठीवाले? पायाला फडकं बांधलेले?"

"तुम्ही पाहिलंत त्यांना?"

"दर आठवड्याला असतात की. दहाच्या सुमाराला येतात, दम खातात. मी म्हटलं एकदा, रिक्षा का नाही करत? तर म्हणाले, चाललं की पाय मोकळा होतो. कुठला मोकळा होतोय! एकपर्यंत परत जातात एरवी. आज गेले ते दिसले नाहीत."

"जातात कुठे?"

"विचारलं नाही बुवा. पायाचंच काहीतरी असणार." आणि हातातल्या कानशीने त्याने रस्त्याच्या पुढच्या वळणाकडे खूण केली.

त्या वळणाच्या पलीकडे एकच मोठी इमारत होती.

दर आठवड्याला. ती नऊला येऊन, खोलीचं दार लावून, पडदे ओढून तीनपर्यंत झोपायची, तेवढ्या वेळात. तिने पर्समधून फोन काढला. इस्पितळाचा नंबर तोंडपाठ होता. एका फोनवर कळलं असतं. पण विचारायचं काय? पायाला सडलेली जखम असलेले एक आजोबा आले आहेत का? तुम्हाला कसं माहीत सिस्टर? कोण लागतात तुमचे?

वॉर्डात एखादा रुग्ण असा घरून सडून आला की ती नातेवाइकांना सगळ्यांसमोर उभं करायची. "इतके दिवस घरात वास नाही आला तुम्हाला?" एवढंच विचारायची. मोठमोठे पुरुष खाली बघायचे. मग घरी येऊन, पूर्वी दोघं एकत्र जेवायची तेव्हा, ती हे सगळं बाबांना रंगवून सांगायची. ते नातेवाईक कसे चळचळा कापले, त्याच्या नकलाही करून दाखवायची. बाबा घास तसाच हातात ठेवून ऐकायचे आणि म्हणायचे, "बरं केलंस. ऐकवायलाच हवं अशांना."

तिने फोन परत पर्समध्ये टाकला.

आजी वळणावरून वळली, रस्ता ओलांडून इस्पितळाच्या फाटकाकडे ओढू लागली. सिस्टर फाटकाच्या खांबापाशी थांबली.

"तुम्ही जा आत," ती म्हणाली. "मी इथे थांबते."

हाउंडवाल्याने दोरी आखडून धरली. आजी मागच्या पायांवर उभी राहून घशातून लांबलचक, खोल हेल काढू लागली, तशी रस्त्यावरची चार माणसं वळून बघू लागली.

"मी तुमच्या वडिलांना पाहिलेलं नाही ताई," तो म्हणाला. "आजी ओळखेल. पण तिला बोलून सांगता येत नाही."

तो तिच्याकडे न बघता उभा राहिला. तिला घाई केली नाही, समजावलंही नाही. आत एखाद्या बाकावर वडील शुद्धीवर असतील किंवा नसतील, आणि ती फाटकाशी उभी राहून कोण कोण आपल्याला बघेल याची यादी करत होती. दिवसपाळीच्या मुली. ड्रेसिंगवाली. औषधखिडकीतला. लिफ्टवाला. यादी संपेना, तशी तिला स्वतःची शिसारी आली.

"चला," ती म्हणाली.

"मोठ्या सिस्टर! दिवसाउजेडी कशा?" रखवालदार उठून उभा राहिला. मग त्याला आजी दिसली. "सिस्टर, कुत्रं आत..."

"माझ्याबरोबर आहे."

बस्स, तेवढं पुरलं. तिचा शब्द इथे असा चालायचा. आजी तळमजल्याच्या व्हरांड्यातून, स्ट्रेचरच्या चाकांमधून, बाकावर बसलेल्या माणसांच्या पायांवर लाळ सांडत निघाली. लोक पाय वर घेत होते. कुणी ओरडलं, कुणी हसलं. ड्रेसिंगच्या खोलीबाहेर, शेवटच्या बाकावर एक म्हातारा माणूस बसला होता. एक पाय समोरच्या स्टुलावर, घोट्यापासून पोटरीपर्यंत नवं पांढरंशुभ्र बँडेज. हातात पेला. आजीने त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं, जोरात एक सुस्कारा सोडला आणि तिची शेपटी बाकाच्या लोखंडी पायावर ठण ठण वाजू लागली.

"अरे, अरे, कोण तू?" वडील दचकून म्हणाले, आणि मग त्यांचा हात तिच्या डोक्यावरून फिरू लागला. ते बारीक झाले होते. परवा पाठमोरे पाहिले तेव्हा हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा लक्षात आलेलं तिने बाजूला ठेवलं होतं.

ड्रेसिंगच्या खोलीतून एक तरुण सिस्टर धावत बाहेर आली. दोन वर्षांपूर्वी तिनेच शिकवून तयार केलेली.

"कुत्रं कुणी आणलं इथे? अय्या, सिस्टर तुम्ही!" मुलगी सावरून उभी राहिली, आणि घाबरली की बडबड करायची सवय असल्यासारखी भराभर सांगू लागली. "या आजोबांची शुगर उतरली होती सिस्टर, म्हणून बसवून ठेवलंय. ग्लुकोज दिलंय. घरी पोचवायला कुणाला बोलवू म्हटलं तर म्हणतात कुणीच नाही. सहा आठवडे येतायत. जखम सुधारतेय, पण घरी रोज कुणी बघायला हवं ना? आणि गंमत म्हणजे, आले की आधी दारातूनच विचारतात, मोठ्या सिस्टर नाहीत ना? नाहीत म्हटलं की मगच आत येतात. आम्हाला वाटलं, आमच्यासारखेच तुम्हाला टरकून असतील."

मुलगी हसली. मग तिचं लक्ष दोघांच्या चेहऱ्यांकडे गेलं.

"तुम्ही ओळखता का यांना?"

वडिलांनी मान वर केली. लेकीला बघून त्यांच्या तोंडावर जे आलं ते चोरी सापडलेल्या माणसाचं होतं. पण क्षणभरच. मग त्यांनी नजर आजीवर वळवली आणि तिच्या कानाशी चाळा करत म्हणाले, "छे हो. या मोठ्या सिस्टर. या कशाला ओळखतील मला?"

व्हरांड्यात सगळे बघत होते. हाउंडवाला खाली वाकून दोरीची गाठ सोडवत होता. दोरीला गाठ मुळात नव्हतीच. वडिलांनी वाट मोकळी करून दिली होती. नुसती मान हलवायची, मुलीला म्हणायचं, यांना रिक्षात बसवून दे, आणि घरी गेल्यावर त्यांच्या आधी खोली झाडून ठेवायची. कुणाला काही कळलं नसतं. ती ते करेल, याची वडिलांना खात्री असावी, कारण ते अजूनही तिच्याकडे बघत नव्हते.

उत्तर द्यायला तिला उशीर झाला. फार नाही, पण त्या तरुण मुलीला कळावं इतका झाला.

"माझे वडील आहेत ते," ती म्हणाली.

वडिलांना अलीकडे कमी ऐकू येत असे, आणि त्यामुळे त्यांची कुजबुजही चार माणसांना ऐकू जाईल एवढी मोठी झाली होती. ते घाईघाईने पुढे वाकले. चेहऱ्यावर काळजी होती, एखादं सांभाळून आणलेलं काचेचं भांडं दारात येऊन फुटावं तशी.

"अगं, सांगितलंस कशाला?" ते म्हणाले. "मी इतके दिवस कुणाला कळू दिलं नव्हतं."

तरुण सिस्टरने त्यांच्या हातातला अर्धा भरलेला पेला काढून घेतला आणि भरून आणते म्हणत आत निघून गेली.